सरूची सही

४ सप्टेंबर २०१७, सोमवार

आजपासून ही वही. छत्तीस वर्षं तलाठी म्हणून दुसऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी केल्या, पण स्वतःच्या घरातली एक गोष्ट कधी कागदावर नीट मांडली नाही. हे मला तात्यासाहेबांनी शिकवलं, तेही मरून. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो होतो. पोळ्याच्या सकाळी दाढी करता करता गेले. भागूवहिनी अजून कपाटाची किल्ली शोधतायत. किल्ली सापडली तर बँक कोणती ते माहीत नाही, आणि बँक सापडली तर वहिनींचं नाव तिथं नाही. पेन्शनच्या कागदावर त्यांचं माहेरचं नाव आहे. बाई रडायची सोडून ऑफिसांच्या पायऱ्या चढते आहे.

मला स्वतःला दहा ऑक्टोबर दिली आहे. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात, छाती उघडून काम करावं लागणार. डॉक्टर म्हणाले, काळजी नको. डॉक्टर हे सगळ्यांनाच म्हणत असणार.

म्हणजे हातात छत्तीस दिवस. एवढ्या दिवसांत मी दुष्काळाच्या याद्या पुऱ्या केलेल्या आहेत. तेव्हा हेही होईल. लाल फाईल आणली आणि वर जाड अक्षरात लिहिलं: ‘माझ्यानंतर’. बायकोनं, द्वारकेनं, ती वाचली आणि उचलून तुरीच्या डब्यामागं ठेवून दिली. मी काढली. तिनं परत ठेवली. आता फाईल तिथंच राहील असं ठरलं.

७ सप्टेंबर, गुरुवार

यादी केली. सिडकोतलं हे घर माझ्या कमाईचं, त्यात कुणाचा वाद नाही. खालचा मजला मुलाला, बन्सीला. वरच्या दोन खोल्या मुलीला, गोदावरीला. द्वारका जिवंत असेपर्यंत सगळ्यावर तिचा अधिकार. देवगाव रंगारीजवळ आमच्या गावची शेती बन्सीला. ती माझ्या वडिलांनी पोलीस ॲक्शननंतर पाच-सहा वर्षांनी स्वतः कमावून घेतलेली.

गोदीचं लिहिताना पेन जरा थांबलं. चार वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून आली ती एका बॅगेनिशी. तपासणीच्या लॅबमध्ये कामाला जाते, कुणाला भार नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत आहे तोवर ठीक. मी नसलो तर? म्हणून स्पष्ट लिहिणार. मुलगी बापाच्या घरात हक्कानं राहिली पाहिजे, भावाच्या मेहरबानीवर नाही. हे वाक्य मी तीन वेळा गिरवलं.

११ सप्टेंबर, सोमवार

द्वारकेला बँकेत नेलं. मशीनमधून पैसे काढायला शिकवलं. तिनं चार आकडे पदराआड दाबले, जणू मशीनच चोरून बघतंय. घरी आल्यावर म्हणाली, “एवढं शिकवताय तर कुकरच्या शिट्ट्या किती घ्यायच्या ते तुम्हीपण शिकून घ्या. आधी कोण जाईल ते काय तुमच्या फायलीत लिहिलंय का?”

मी शिकून घेतलं. शिट्ट्या तीन.

१३ सप्टेंबर, बुधवार

क्रांती चौकाजवळ वकील वहिदा बसते. तिचे वडील इब्राहीमभाई तहसीलीबाहेर झाडाखाली अर्ज लिहायचे. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, आणि ही सगळं कॉम्प्युटरवर करते. कागद बघता बघता तिनं मान वर केली.

“काका, तुम्हाला बहीण आहे ना? वेरूळला?”

“आहे. सरू. पण तिनं हक्कसोड कधीच केली आहे. पंच्याण्णव साली, वडील गेले तेव्हा.”

मी पेटीतला स्टॅम्पपेपर काढून दिला. तिनं उलटून पालटून बघितला. “नोंदणी?”

नोंदणी नव्हती. आमच्या ओट्यावर बसून लिहिलेला कागद, खाली सरूची सही. त्या वेळी आमच्या गावाचा तलाठी माझा दोस्त. म्हणाला, बहिणीला कशाला तालुक्याला हेलपाटे? त्यानं वारसात माझं एकट्याचं नाव लावून टाकलं. मी काही बोललो नाही.

वहिदा म्हणाली, “काका, सीधी बात आहे. हा कागद नाही, ही आठवण आहे. अर्धी जमीन आजही आत्याबाईंची. जी तुमची नाही ती तुम्ही मृत्युपत्रात देणार कशी? उद्या काही झालं तर बन्सीभाई आणि त्या कोर्टात समोरासमोर उभे राहतील.”

छत्तीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो, नोंदणी नाही तर काही नाही. आज एका पोरीनं मला सांगितलं. पण चूक सापडली हे बरं झालं. दुरुस्त करता येते. सरूची सही पुन्हा घ्यायची, या वेळी रीतसर नोंदणी करून. ती माझ्या शब्दाबाहेर नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

वेरूळला जाऊन आलो. सरू देवळाच्या वाटेवर बेल-फुलांचं दुकान लावते. दुकान म्हणजे एक पाट आणि वर ताडपत्री. मेहुणे कारभारी जाऊन अठरा वर्षं झाली. दिरांनी तिला वाटणीत काय दिलं ते मी कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मुलगी सासरी सुखात आहे. सरू राहते ती पत्र्याची खोली भाड्याची आहे, हे आज कळलं. मला वाटायचं तिचीच असेल.

मला बघून ती उठली, हात पुसले, खोलीवर नेलं. पिठलं टाकलं. मी जेवता जेवता विषय काढला. ऑपरेशनचं बोललो नाही. तिनं दयेपोटी सही केली असं व्हायला नको. एवढंच म्हणालो की जुना कागद कच्चा राहिला, पक्का करायचाय.

तिनं भाकरी उलटली. “दादा, पित्राचा पंधरवडा चालू हाय. आपल्या बापाची तिथ कालच झाली. आन् आज मी बापाच्या जमिनीवर सही करू?”

“पंधरवडा संपल्यावर कर.”

“बघू की. ताक घे अजून.”

जुनी माणसं तिथीला फार जपतात. आठवड्याने काय फरक पडतो. नवरात्र लागलं की परत येईन.

१८ सप्टेंबर, सोमवार

आज घरात वाजलं. बन्सी वाळूजच्या कंपनीतून आला, चहा घेतला, आणि अगदी सहज म्हणाला, “अण्णा, एक करा. गोदाताईची हक्कसोड आत्ताच घेऊन ठेवा, तुमच्या समोर. नंतर कटकट नको. तिला काय कमी आहे? माहेर आहेच की.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरांनी आवाज चढवू नका सांगितलं आहे, तरी चढवला. सख्खी बहीण वरच्या खोलीत बसलेली, आणि हा तिच्या नावावर काट मारायला निघालाय. कुणाच्या पोटी आलाय हा? मी विचारलं, “हे तुला कुणी शिकवलं?” तो म्हणाला, “शिकवायचं काय त्यात? सगळे करतात.”

द्वारका मध्ये पडली नाही. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून माझ्याकडं बघत राहिली, बन्सीकडं नाही. मला कळलं नाही ती माझ्यावर का रागावली होती.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

वेरूळ, दुसरी फेरी. वहिदाकडून मसुदा छापून नेला. सरूला वाचता येतं, पण चष्मा नाही म्हणाली, म्हणून मीच वाचून दाखवला. ‘माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सोडून देत आहे.’ मसुदा उत्तम झाला आहे, कुठं बोट ठेवायला जागा नाही.

ती ऐकत होती. मग विचारलं, “हे झालं की तिथं माझं काय नाव ऱ्हातंय?”

“कागदावर राहत नाही. पण तुझं माहेर आहे ना. ते कुठं जातंय?”

“व्हय. हायच की.”

मग उठून तिनं पेटी उघडली आणि तळातून एक हिरवं इरकल लुगडं काढलं. पंच्याण्णव साली सही झाली त्या दिवशी मी दिलेलं, रीतीप्रमाणं. नवं कोरं. दुकानाची चिठ्ठी अजून आत होती.

“घडी नाय मोडली मी ह्याची,” ती म्हणाली.

बावीस वर्षं बहिणीनं भावाचं लुगडं असं जपून ठेवलं. अशी माया आता कुठं राहिली? बन्सीला नेऊन दाखवायला हवं, बहीण कशी असते ते. मी तिला म्हणालो, या वेळी याहून चांगलं घेऊन देतो. ती म्हणाली, “नको. पुन्हा पेटीत जागा नाय.” आणि सही दसऱ्यानंतर बघू म्हणाली.

परत येताना बसमध्ये छाती दुखली. गोळी जिभेखाली ठेवली.

२७ सप्टेंबर, बुधवार

तेरा दिवस राहिले. फाईलमधलं बाकी सगळं झालं: विम्याचे कागद, वीजबिल, गॅसचा नंबर, कोणाला फोन करायचा त्याची यादी. यादी कुकरशेजारी भिंतीला चिकटवली. फक्त एक जागा रिकामी आहे.

गोदी संध्याकाळी खाली आली. “अण्णा, आत्याला ऑपरेशनचं सांगितलंत?”

“नाही. सांगायचंही नाही.”

ती थोडा वेळ फाईल चाळत बसली. मसुदा वाचला, सगळा. मग म्हणाली, “चांगला लिहिलाय. फक्त नाव बदललं की माझ्यासाठीपण चालेल. सही करू?”

मी म्हणालो, “तुझं आणि तिचं काय सारखं? ती तिच्या घरी आहे.”

“पत्र्याच्या,” गोदी म्हणाली, आणि वर निघून गेली.

बन्सीचं बोलणं तिच्या कानावर गेलं असणार, म्हणून इतकं वाकडं बोलली. मी तिला सांगणार आहे की मी असताना तिचं नाव कुणी काढू शकत नाही. पण जेवताना सांगायला जमलं नाही. शेती एकसंध राहिली पाहिजे, तुकडे झाले की कुणाच्याच कामाची नाही. हे मी कितीदा लोकांना सांगितलं आहे. आज स्वतःला सांगितलं तर नेहमीसारखं पटलं नाही. थकवा असेल.

३ ऑक्टोबर, मंगळवार

सरूचा फोन. गोदीनं सांगितलंच तिला.

“छाती फाडणार हायेत तुझी, आन् तू मला कागदाचं सांगत हुतास?”

“कागद पण महत्त्वाचा आहे.”

“शुक्रवारी येते. करून टाकू सही. तू आदी यातनं वाच. जमीन घेऊन काय बसलास.”

काम झालं. मी लगेच वहिदाला फोन केला, वेळ घेतली. आनंद व्हायला हवा होता. जेवण गेलं नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

हे आज सगळं लिहून ठेवतो.

नोंदणी कार्यालयात आम्ही पाच जण. मी, सरू, वहिदा, सरूची ओळख पटवायला ओळखदार म्हणून गोदी आणि शेजारचे एक गृहस्थ. सरू पहाटेच्या गाडीनं आलेली, नेहमीचं निळं लुगडं, डोक्यावर पदर. रांगेत तिनं मला बसायला लावलं आणि स्वतः उभी राहिली.

नंबर आला. तिचा फोटो काढला. अंगठा मशीनवर ठेवायचा, पण फुलांचे देठ खुडून खुडून तिच्या अंगठ्याच्या रेषाच गेल्या आहेत, मशीन घेईना. चार वेळा पुसून ठेवला. मग टेबलामागच्या माणसानं नेहमीचा प्रश्न विचारला. मान वर न करता, जसा मी स्वतः शेकडो वेळा विचारला आहे.

“मावशी, हक्क सोडताय. राजीखुशीनं ना? कुणाची जबरदस्ती नाही?”

“व्हय, खुशीनं,” सरू म्हणाली. “मागल्या बारीला बी खुशीनंच म्हनले हुते.”

तो माणूस हसला. त्याला काय माहीत. मला आमचा ओटा आठवला. वडिलांना जाऊन तेरा दिवस झालेले, सरूचं तोंड रडून सुजलेलं, आणि मी तिच्यासमोर पेन धरलेलं. मी म्हणालो होतो, ‘आत्ताच करून टाक, नंतर कटकट नको. माहेर आहेच की.’ शब्दाला शब्द. बन्सीला कुणी शिकवलं म्हणून मी ओरडलो होतो. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि ओट्याच्या पायरीवर बसून सगळं बघत होता.

सरूच्या मागं गोदी उभी होती, ओळखदाराची सही करायला पेन हातात घेऊन. दोघींची उंची एक, उभं राहायची ढब एक. आजवर हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. गोदी माझ्याकडं बघत नव्हती. जमिनीकडं बघत होती.

मी म्हणालो, “थांबा.”

वहिदा म्हणाली, “काका, आता फक्त सही राहिली.”

“सही होणार नाही. दस्त रद्द करा.”

सरू घाबरली. “दादा, दुखतंय का?”

दुखत नव्हतं. मी तिला बाहेर बाकावर नेलं आणि सांगितलं, की बावीस वर्षांपूर्वी तुझं नाव लावायचं राहिलं नव्हतं, मी लावू दिलं नव्हतं. दोस्ताच्या माथ्यावर टाकून मोकळा झालो होतो. मला वाटलं ती रडेल, किंवा म्हणेल की जाऊ दे. ती म्हणाली, “मला ठावं हुतं.” एवढंच. मग पिशवीतून भाकरी काढून माझ्या हातात दिली, कारण माझी गोळीची वेळ झाली होती.

मला लाज वाटली. ती इथं लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

वारस नोंदीचा अर्ज काल स्वतःच्या हातानं लिहिला, कॉम्प्युटर नको. माझ्या आयुष्यात राहिलेली एक नोंद. सरूबाई, नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’. गावी जाऊन दिला, पोच घेतली. नवा तलाठी पोरसवदा आहे. म्हणाला, “साहेब, लोक नाव काढायला येतात, तुम्ही घालायला आलात.” मी त्याला म्हणालो, नियमाप्रमाणं नोटीस काढ, ओळखीनं काही करू नकोस.

मृत्युपत्रही आज सकाळी पुरं झालं. घराचं आधी लिहिलं तसंच. शेतीतला माझा अर्धा हिस्सा बन्सीला आणि गोदीला सारखा. घरातल्या सगळ्यांना समोर बसवून वाचून दाखवलं. मेल्यावर धक्का देण्यापेक्षा जिवंतपणी भांडण परवडलं.

बन्सी उठून गेला. गाडी काढायचा आवाज आला. द्वारका म्हणाली, “येईल.” मी म्हणालो, नाही आला तरी कागद बदलणार नाही. ती म्हणाली, “ते दिसतंय.” आणि पहिल्यांदाच लाल फाईल तिनं स्वतः डब्यामागून काढली, पुसली, आणि माझ्या हातून मृत्युपत्र घेऊन तिच्यात ठेवलं.

९ ऑक्टोबर, सोमवार

उद्या. बन्सी अजून बोलत नाही. पण दुपारी दवाखान्यात जाऊन माझ्यासाठी रक्त देऊन आला, हे गोदीकडून कळलं. हातावरची पट्टी लपवायला बाह्या खाली ओढून जेवत होता.

भीती वाटते आहे. पण फाईल पुरी आहे. ही वहीही तिच्यातच ठेवतो.

२१ ऑक्टोबर, शनिवार

अक्षर वाकडं येतंय. छातीवर उशी धरून लिहितो आहे. खोकला आला की जीव जातो, बाकी जिवंत आहे.

आज भाऊबीज. सरू अकरा वाजता आली. दारात उभी राहिली तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. हिरवं इरकल नेसली होती. बावीस वर्षांच्या घड्यांच्या रेघा अंगावर उभ्या-आडव्या तशाच, आणि गुडघ्यापाशी एका रेघेवर लुगडं विरून चिरलेलं.

द्वारका म्हणाली, “अहो वन्सं, चिरलंय की हे. बदला, मी देते दुसरं.”

“चिरू दे,” सरू म्हणाली. “आज हेच नेसायचं हुतं.”

२२ सप्टेंबरला मी या लुगड्याबद्दल काय लिहिलं होतं, ते परत वाचलं. खोडावंसं वाटलं. खोडलं नाही, राहू दे.

मला उठता येत नाही म्हणून तिनं पलंगाशीच ओवाळलं. बन्सीनं माझ्या पाठीला हात दिला. नंतर गोदीनं त्याला ओवाळलं. त्यानं ताटात काय टाकलं ते मी बघितलं नाही, पण दोघं एकमेकांशी बोलले.

सरूच्या ताटात मी अर्जाची पोच ठेवली. तिला समजावून सांगितलं की नोंद अजून मंजूर नाही, नोटिशीची मुदत आहे, हरकत आली नाही तर होईल. तिनं गोदीला वाचायला लावलं. गोदीनं गावाचं नाव, गट नंबर, सगळं वाचलं. ‘सरूबाई. नाते: मुलगी.’

“पुन्हा वाच,” सरू म्हणाली.

गोदीनं पुन्हा वाचलं. सरूनं कागद घेतला, पदराच्या टोकात गाठ मारून बांधला, आणि स्वयंपाकघरात जाऊन माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजू लागली.